बाळाची आखणी

विनीतने वीस वर्षं गणपतीचे डोळे काढले. बेलवलीतल्या दौलतरावांच्या कारखान्यात रंग कुणीही मारो, डोळ्यांची आखणी त्याचीच. समोरून बघा नाहीतर कोपऱ्यातून, मूर्ती आपल्याकडेच बघतेय असं वाटायचं. गिऱ्हाईकं आधी विचारायची, "डोळे विनीतचेच ना?"

बाप्तिस्मा झाला त्या दिवशी त्याने ब्रश दौलतरावांना परत केले. कुणी सांगितलं नव्हतं. देवाला काहीतरी मोठं द्यायचं, तर त्याच्याजवळ तेवढंच होतं. मग तो अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला लागला. देवाने एकदा आपल्याकडे बघावं, दिलेलं पोचलं म्हणावं, बाकी त्याला काही नको होतं. दोन वर्षं काही झालं नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की आत काही हलायचं नाही, दुखायचंसुद्धा नाही.

डिसेंबरात चर्चमध्ये गव्हाणीसाठी उल्हासनगरहून प्लास्टरचा संच आला. बाळ येशूचे डोळे रंगवलेलेच नव्हते. पास्टर दिपेशनी बाळ उचलून विनीतपुढे ठेवलं.

"पास्टर, मी सोडलंय ते."

"ब्रदर, टेन्शन कशाला घेता? त्या मूर्ती होत्या. हा देखावा आहे."

दौलतरावांनी हे ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते. विनीतला हसू आलं नाही. त्याने श्वास रोखून पापणीची रेघ ओढली, बाहुली शेवटी भरली. हात काहीच विसरला नव्हता. त्याला आनंद झाला, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि त्याची लगेच लाजही वाटली.

रविवारी उपासना संपल्यावर सगळे गव्हाणीपाशी गोळा झाले.

"अगं बाई, माझ्याकडेच बघतंय!" यशोधरामावशी म्हणाल्या. पलीकडून पद्मजा म्हणाली, "छे, माझ्याकडे."

विनीत पुढे झाला. बाळ त्याच्या कानाजवळून मागे बघत होतं. तो डावीकडे सरकला, तर नजर उजवीकडून गेली. गुडघ्यांवर बसला, तर डोक्यावरून.

उजेडामुळे होत असेल. त्याने ट्यूब बंद करून बघितलं. पट्टी लावून मोजलं. दोन्ही बाहुल्या बरोबर जागेवर होत्या.

"पास्टर, बाळ माझ्याकडे बघतंय का?"

"म्हणजे काय! तुमच्याकडेच बघतंय," दिपेश म्हणाले. ते बोलत होते विनीतच्या बाजूच्या भिंतीकडे बघून.

रिक्षावाल्याने "कुठे?" असं शेजारच्या रिकाम्या सीटला विचारलं.

घरी त्याची बायको सोनिया ओट्यापाशी होती. विनीत तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आलात?" तिने त्याच्या डाव्या खांद्यापलीकडे बघून विचारलं.

"सोनिया, इकडे बघ."

"बघतेय की."

त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या बाहुल्या सावकाश बाजूला सरकल्या. तिला ते कळलंसुद्धा नाही.

घाबरायला हवं होतं. पण भीतीही आली नाही. देवासमोर बसल्यावर आत जसं रिकामं असायचं, तसंच आताही होतं.

सोनियाने ताट वाढलं. ते त्याच्यापुढे न ठेवता शेजारी, रिकाम्या चटईपुढे ठेवलं.

"भाजीला मीठ कमी नाही ना झालं?"

तिने हे त्या रिकाम्या चटईकडे बघून विचारलं.

ती जरा थांबली, आणि उत्तर मिळाल्यासारखी हसली.

विनीतने ताटाकडे बघितलं. कुणी हात लावला नव्हता, तरी भाकरी अर्धी झाली होती.