कुठेच न वापरलेल्या चौकटी

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या हातात शर्टाचं तुटलेलं बटण होतं आणि चेहऱ्यावर बारा वाजलेले होते.

मी डेमोच्या खोलीत बॉबिन भरत बसले होते. आमची कंपनी शिलाई मशीन बनवते. मशीन कसं चालवायचं, दोरा तुटत असेल तर काय करायचं, हे सगळं कंपनीच्या वेबसाइटवर लिहायचं काम माझं. लिहिण्याआधी प्रत्येक गोष्ट स्वतः करून बघायची मला खोड आहे, म्हणून मी सदा मशीनपाशी. त्याला वाटलं, मी इथली शिवणारी बाई.

"ताई... एवढं बटण लावून द्याल का? आत्ता मीटिंग आहे माझी."

ताई! माझ्याच वयाचा बाप्या, आणि मी ताई. मी सुईत दोरा ओवला, त्याला म्हटलं, शर्ट काढायची गरज नाही, फक्त हलू नका. बटण नेमकं छातीवरचं. त्याने श्वास असा रोखून धरला, जणू मी ऑपरेशनच करतेय. शर्टाला नुकत्याच केलेल्या इस्त्रीचा वास येत होता. शेवटची गाठ मारली. कात्री समोर टेबलावर होती, तरी मी दोरा दातांनी तोडला. का, ते विचारू नका.

तो "थँक्यू ताई" म्हणून पळाला, आणि थोड्याच वेळात मीटिंगच्या खोलीत आम्ही पुन्हा समोरासमोर आलो. आमच्या विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी ओळख करून दिली: ही आपली सगळी पानं लिहिते, आणि हे हिच्यासाठी प्लगइन बनवणार आहेत. त्याचे कान लालबुंद झाले. मी मात्र अगदी गंभीर चेहऱ्याने नमस्कार केला.

प्लगइनची भानगड अशी. मी मार्कडाउनमध्ये लिहिते. म्हणजे साधा मजकूर टाइप करायचा आणि मध्ये खुणा करायच्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की शब्द ठळक, ओळीआधी हॅशची खूण (#) दिली की मथळा. सोपं काम. पण 'सुई बदलण्याआधी वीज बंद करा' हे मला पिवळ्याजर्द चौकटीत हवं होतं, आणि मार्कडाउनला चौकट ठाऊकच नाही. त्याला नवी खूण शिकवायची तर प्लगइन, म्हणजे वरून बसवायचा एक छोटा प्रोग्रॅम, जोडावं लागतं. मला हव्या तेवढ्या चौकटी झाल्या की त्याचं काम संपणार, असा करार होता.

पहिली चौकट झाली त्या दिवशी त्याने मला खुर्चीत बसवलं. मी खूण टाइप केली, पुढे 'सावधान' लिहिलं... आणि पडद्यावर पिवळी चौकट उमटली. मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. तो पडद्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता, आणि पकडला गेल्यावर उगाच चष्मा पुसायला लागला.

मग युक्तीची हिरवी चौकट झाली, मग प्रश्नावर दाबलं की खाली उत्तर उलगडणारी चौकट. आणि मला लागणारं सगळं संपलं. तो लॅपटॉप मिटत म्हणाला, "झालं तर मग?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "डावखुऱ्या लोकांसाठी वेगळी चौकट हवी होती... जांभळी."

त्याने डोकं खाजवलं. "हे जरा किचकट आहे. आठवडा लागेल."

"लागू दे की. घाई कुणाला आहे?"

पुढे माझं डोकं नुसतं सुसाट सुटलं. दोऱ्याच्या रंगाप्रमाणे बदलणारी रेघ. जाड कापडाची चौकट, पातळ कापडाची चौकट. दरवेळी तो म्हणायचा, किचकट आहे, आणि दरवेळी आम्ही त्या किचकटपणावर कँटीनमध्ये चर्चा करायचो. चर्चा कुठून कुठे जायची कोण जाणे. त्याला पावसात छत्री विसरायची सवय, मला दोन छत्र्या बाळगायची. माझी खरी ताई घरी म्हणाली, "तुमच्या साइटवर मजकूर उरलाय का, की नुसत्या चौकटीच?" आईने तर सरळ विचारलं, की हल्ली रोज निळाच ड्रेस का. मी म्हटलं, बाकीचे धुवायला टाकलेत. निळा चांगला दिसतो असं त्याने एकदा, अगदी ओझरतं म्हटलं होतं, हे आईला सांगून कसं चालेल?

आणि एके दिवशी मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. साइट इतकी जड झाली होती, की एखादीची सुई अडकली तर पान उघडेपर्यंत ती बिचारी मशीनसमोर ताटकळत बसायची. बाई म्हणाल्या, लागत नाहीत ती प्लगइन शुक्रवारी काढून टाका, आणि मग यांचं काम पूर्ण झालं.

कँटीनमध्ये तो बराच वेळ ग्लास फिरवत बसला. दुसऱ्या गावातून कामाचं विचारलं होतं, म्हणाला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"अजून एखादी चौकट हवीय का तुम्हाला?" त्याने विचारलं.

आणि मी, जिची जीभ कधी थांबत नाही ती मी, म्हणाले, "नाही... बहुतेक नाही." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आता काही बोलले नाही तर हा खरंच जाणार, एवढंच डोक्यात.

शुक्रवारी दुपारी बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याने पद्धत समजावली: एकेक प्लगइन बंद करायचं आणि सगळी पानं नव्याने तयार करून बघायची. ज्या पानांना ते लागतं, ती लगेच तक्रार करतील. त्याने 'सावधान' बंद केलं. पडदा लाल ओळींनी भरून गेला. ते परत जोडलं. युक्तीची चौकट बंद केली, तरी तेच.

मग त्याने डावखुऱ्यांची जांभळी चौकट बंद केली. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

काहीच झालं नाही. एकही पान कुरकुरलं नाही.

"ही कुठेच वापरली नाहीत?"

"राहून गेलं."

दोऱ्याची रेघ बंद. शांतता. "हेही राहून गेलं?"

"हं."

जाड कापड. पातळ कापड. खोलीत फक्त पावसाचा आवाज, आणि माझे कान त्याच्या त्या दिवशीच्या कानांइतके तापलेले. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुम्हाला यातलं एकही नको होतं."

आता पळायला जागा नव्हती. "नको होतं," मी म्हटलं. "चौकट नको होती. तुम्ही हवे होतात. काम संपलं की जाल, म्हणून काढत होते रोज काहीतरी."

 मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. मग त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. पडद्यावर एक तयार प्लगइन होतं, कुणीही फुकट घ्यावं असं.

"याला नुसतं नाव आणि रंग सांगितला की हवी ती चौकट मिळते," तो म्हणाला. "तुमच्या सगळ्या चौकटी एका दुपारी झाल्या असत्या. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग तो आठवडा आठवडा...?"

"प्रत्येक चौकट वेगळी, हाताने लिहिली. जमेल तितकी सावकाश." त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला. "साइट जड झाली ती माझ्यामुळे. पण तुमच्याशेजारची खुर्ची सोडवत नव्हती."

मी आधी त्याच्याकडे बघत राहिले, मग इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. बिचाऱ्या मोठ्या बाई! आम्ही दोघांनी संगनमताने त्यांची साइट बुडवली होती, आणि एकमेकांना पत्ता नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळं निस्तरलं. त्याची हाताने लिहिलेली प्लगइन काढून तयार असलेलं एकच जोडलं, आणि साइट भुर्रकन उघडायला लागली. बाई बघून खूश झाल्या, त्याच्याशी हात मिळवून गेल्या.

तो बॅग भरायला लागला. मग छातीवरच्या त्याच बटणावरून बोट फिरवत म्हणाला, "हे फार पक्कं लावलंत. तुटलं असतं तर यायला निमित्त झालं असतं."

"निमित्त कशाला हवं? उद्या ये. काहीही काम न घेता ये."

'तू' कधी सुरू झालं ते मलाही कळलं नाही. त्याने फोन काढला आणि माझ्यासमोरच त्या दुसऱ्या गावाला नाही म्हणून कळवलं. काम इथेही मिळेल, म्हणाला. मी त्याला माझी दुसरी छत्री दिली. तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"एक विचारू? त्या दिवशी कात्री समोर होती. मग दोरा दातांनी का तोडलास?"

"कारण तू मला ताई म्हणाला होतास," मी म्हटलं. "तो गैरसमज लगेच दूर करायचा होता."