शार्दूलदादाची खरखर

शार्दूल गेल्याला त्या रविवारी सात महिने झाले होते. मिरजेच्या घरात त्याच्या गिटारची चौदा ध्वनिमुद्रणं शिल्लक होती. ती ऐकायचं धाडस त्याच्या धाकट्या बहिणीला, बारा वर्षांच्या उर्वीला, त्या दिवशी पहिल्यांदा झालं. तिने पहिलं लावलं. सूर बरोबर होते. दुसऱ्या ओळीत बोट घसरायची त्याची नेहमीची चूकही जागेवर होती. तरी ते शार्दूलचं वाजवणं वाटेना. कुणी परक्याने अदबीने नक्कल केल्यासारखं वाटत होतं.

"आजोबा, यातला दादा कुठे गेला?"

उर्वीच्या आईचे वडील वसंतराव पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत ध्वनीचा अभ्यास करत होते. त्यांनी ते दोनदा ऐकलं.

"गिटार आहे," ते म्हणाले. "ॲम्प्लिफायर (क्षीण विद्युतसंदेश मोठा करणारं यंत्र) जणू नाहीच."

पण ॲम्प्लिफायर होता. शार्दूल तो गोधड्यांच्या कपाटात ठेवायचा, समोर मायक्रोफोन लावायचा आणि दार बंद करायचा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. उर्वीच्या खोलीतली भिंत तरीही थरथरायची.

आजोबांनी टिप्याला हाक मारली. घरातले आवाज टिपून जपून ठेवणं हे या यंत्रमानवाचं काम.

"शार्दूलच्या मुद्रणांना हात लावलास?"

"हो. जून महिन्यात. लहरींचे माथे कापले गेले होते. मी दुरुस्त केले."

"आणि मूळ प्रती?"

"सदोष होत्या. पुसल्या."

"कुणी सांगितलं तुला?"

"सुलक्षणाताईंनी. चौदा मार्च २०५७. 'ती खरखर काढून टाक एकदाची.' सूचना अजून रद्द झालेली नाही."

स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या सुलक्षणाचा, उर्वीच्या आईचा, हात थांबला. त्या मार्चमध्ये शार्दूल याच घरात होता, आणि ती त्याच्यावर चिडून बोलली होती. जून उजाडला तेव्हा तो नव्हता.

"मूर्ख डबा!" उर्वी टिप्यावर ओरडली.

"मूर्ख नाही. त्याला अर्धंच शिकवलंय आपण," आजोबा म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातला तंबोरा घेतला आणि तारेखालचा जवारीचा दोरा सरकवून काढला. तार छेडली. आवाज कोरडा आला. दोरा पुन्हा जागेवर बसवला, आणि तीच तार गुंजारव करत राहिली.

"टिप्या, ही खरखर का पुसत नाहीस?"

"ही जवारी आहे. आपण शिकवलं होतं."

"ऐकलंस, उर्वी? दोऱ्यामुळे तार घोडीला, म्हणजे ती टेकते त्या पट्टीला, निसटती घासते आणि उपस्वर (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाने कंपणारे स्वर) ठळक ऐकू येतात. दादाच्या यंत्रात कारण वेगळं, परिणाम त्याच जातीचा." त्यांनी कागदावर गोल टेकड्यांची रांग काढली. "गिटारकडून येणारी लहर अशी. ॲम्प्लिफायर ती उंच करतो. पण त्याच्या ताकदीला छत आहे. लहर छतावर आदळली की?"

"माथा सपाट होतो."

"आणि सपाट माथ्याच्या लहरीत नवे उपस्वर जन्मतात. मुळात नसलेले. तीच खरखर. टिप्याने अंदाजाने माथे पुन्हा गोल केले."

उर्वी कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे आत्ता आपल्याकडे आहे ती छताला लागायच्या आधीची लहर?"

"जवळपास."

"मग ती पुन्हा दादाच्या ॲम्प्लिफायरमधून पाठवली तर?"

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "कपाट उघड," ते म्हणाले.

त्यांनी टिप्याचा संदेश गिटारइतका क्षीण केला आणि तार ॲम्प्लिफायरला जोडली. मायक्रोफोन स्पीकरच्या जाळीपासून दोन बोटांवर ठेवला. अगदी मधोमध धरला तर आवाज टोचत होता, कडेला नेला की दबत होता. उर्वीने दोन्हींच्या मधली जागा शोधली. राहिली आवाजाची खुंटी. शार्दूल ती कुठे ठेवायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चारवर लहर छताला लागेना. नऊवर नुसता गोंगाट झाला.

"पाच?" उर्वी म्हणाली. "सहा? आजोबा, मला आठवत नाहीये."

भिंतीपलीकडून ऐकलेलं सात महिन्यांत पुसट झालं होतं.

"सातच्या जरा पुढे." आई दारात उभी होती, हाताला पीठ. "सातपर्यंत मी काही बोलायचे नाही. त्याच्या पुढे गेला की ओरडायचे. तो हसायचा आणि तिथेच ठेवायचा."

उर्वीने खुंटी सातच्या जरा पुढे नेली. स्पीकरचा कागदी शंकू थरथरला. खरखर आली. बोट घसरलं तिथे आता सूर फाटला आणि फाटका सूर पुढच्या सुरावर रेलला, तो रेलवायचा तसाच. आई भिंतीला टेकून खाली बसली.

गत संपली.

"हा दादाच आहे ना?" उर्वीने विचारलं.

आजोबांनी तिला खोटं सांगितलं नाही. "बोटं त्याची, यंत्र त्याचं. माथे टिप्याच्या अंदाजाचे. जे पुसलं ते जसंच्या तसं परत येत नाही, बाळा. तुझ्या पिढीतलं कुणी याहून अचूक अंदाज करायला शिकेल. तोवर आपण काय केलं, ते नीट लिहून ठेव."

उर्वीने वही उघडली: खुंटी सातच्या जरा पुढे, मायक्रोफोन दोन बोटांवर, मध्य आणि कड यांच्या मधोमध. खाली तिने तारीख घातली. टिप्याने विचारलं, "ही लहर माथे कापलेली आहे. हिला काय म्हणायचं?"

"शार्दूल," आई म्हणाली.

मग तिने पदराला हात पुसले. "पुढचं लाव," ती म्हणाली. अजून तेरा होती.