या, जेवायला!

हे खरं आहे. पटलं नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवायची हौस नाही, माझ्या मुलीची काळजी आहे.

गेल्या नोव्हेंबरातला शनिवार. दुपारचे अडीच. हो, दुपारचेच. असल्या गोष्टींना रात्र लागते असं मीही समजत होते.

आम्ही म्हैसूरचे, विजयनगरात राहतो. मी, माझे यजमान बिंदुमाधव आणि बारा वर्षांची मुलगी भव्या. यजमानांनी भाड्यानं कॅम्पर व्हॅन आणली होती. आत पलंग, शेगडी, बेसिन. चार दिवस नद्या बघायच्या, पायवाटा तुडवायच्या, कोडगूचे घाट हिंडायचे.

"शकू, आख्खं घर घेऊन निघालोय बघ!"

"म्हणजे स्वयंपाकही मलाच," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी घाटाखाली नदीकाठी गाडी लावली. बाहेर टेबल मांडलं. पातेलंभर चित्रान्न, लिंबाचा भात, केलं होतं.

पहिला घास घेणार, तोच गाडीमागं पावलं वाजली. वाळक्या पानांवर. सावकाश…

कुणी वाटसरू असेल. मान वर न करता मी सवयीनं म्हटलं, "या, जेवायला!"

आपल्यात म्हणतातच. समोरचा "होऊ द्या" म्हणतो आणि पुढं जातो.

"होऊ द्या" कुणी म्हटलं नाही.

पावलं थांबली… आणि नदीचा आवाजही.

पाणी वाहत होतं. आवाज नव्हता.

यजमान गाडीमागं बघून आले. "कुणी नाही गं."

भव्या मुकाट जेवत होती. एरवी चार घासांत "अम्मा, साकु", पुरे, म्हणणारी पोर. तिनं ताट संपवलं. मग दुसरं. मग तिसरं… न चावता.

"भव्या, बस की गं!"

तिनं वर पाहिलं.

"वाढा."

भव्याचं मराठी तोडकंमोडकं, निम्मं कन्नड. आणि आईला ती कशाला अहोजाहो करेल?

"अजून वाढा. बोलावलंत ना?"

जेवत्या माणसाला ताटावरून उठवू नये, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी मी ताट ओढलं.

तिनं माझं मनगट धरलं. नखं रुतली.

"वाढलेलं ताट ओढता, बाई? मग आता तुमच्या घरीच जेवीन. रोज."

मी हात हिसकावून पातेलं उचललं आणि नदीत भिरकावलं. यजमानांनी पोरीला उचलून गाडीत कोंबलं. वळणावळणावर पत्र्यावर बाहेरून थापा पडत होत्या… थेट हुणसूर गाव येईपर्यंत.

तिथं भव्यानं डोळे उघडले.

"अम्मा, हसिवु… भूक लागली. मला जेवण नाही दिलं तू?"

रडत रडत तिला इडली भरवली मी.

आता चार महिने झाले. तिन्ही त्रिकाळ ती माझ्यासमोर बसून जेवते. सगळे रिपोर्ट चांगले. वजन मात्र अकरा किलो उतरलंय. परवा डॉक्टरांनी मलाच विचारलं, "घरी जेवायला घालता ना हिला?"

काल दुपारी यजमान बाहेर गेले होते. भव्या जेवून उठली, माझ्यासमोरून हात धुवायला गेली. पाठीची हाडं दिसतात हो माझ्या लेकीची.

नळ सुरू झाला…

आणि तिच्या रिकाम्या खुर्चीवरून ढेकर आला.

मोठा. पुरुषी. पोटभर जेवलेल्या माणसाचा.