परसामागचे लाल ठिपके

माशाची शेपटी कापणारा माणूस सुझुनाने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

गुडघाभर पाण्यात, भुरभुर पावसात, डोक्यावर टोपी नाही, आणि स्वारी मुठीतल्या माशाची समजूत काढत होती. "झालं हं... झालंच बघ..." मग इवल्याशा कात्रीने त्याने शेपटीचं टोक कापलं, बाटलीत टाकलं आणि मासा पाण्यात सोडून दिला.

सुझुना म्हणजे मच्छीमार संघाच्या अध्यक्षांची मुलगी. रविवारी नदीकाठी फिरून गळवाल्यांची मासेमारीची तिकिटं तपासायची, हे तिचं काम. शिवाय राग तिच्या नाकावर, हे आमच्या हिगाशिदानीत लहान पोरांनाही माहीत आहे.

"न्हाव्याचं दुकान मांडलंय का इथे?"

तो इतका दचकला की पाय घसरून पाण्यात बसलाच. सुझुनाला आधी हसू आलं, आणि एकदा हसल्यावर रागवायचं कसं, हे तिला काही सुचेना.

"प... परवानगी आहे माझ्याकडे," तो बसल्या बसल्याच म्हणाला. "मत्स्य संशोधन केंद्रातून आलोय. कानामे माझं नाव. यामामे आणि आमागो मासे कुठे मिसळतात ते तपासतोय."

"आमच्या नदीत फक्त यामामे आहेत."

"हो ना... सगळे तेच सांगतात." त्याने जाळीतला दुसरा मासा वर धरला. ओल्या चंदेरी अंगावर शेंदराचे तीन-चार बारीक ठिपके होते. "एकाच जातीच्या दोन उपजाती आहेत. रंगरूप तेच, फक्त आमागोला हे ठिपके. खिंडीच्या अलीकडे यामामे, पलीकडे आमागो. खाली दोन्हीकडच्या नद्या एकत्र येतात तिथे दोघं भेटतात. आणि भेटले की..."

"की काय?"

"...लग्नं होतात," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"गाव कुठलं तुमचं?"

त्याने बराच वेळ कात्री पुसली. "...खिंडीपलीकडचं. निशिदानी."

आता आमच्याकडे निशिदानीचं नाव कुणी जेवताना काढत नाही. आपल्या नदीत ठिपक्यांचा मासा सापडला, की तो पलीकडच्यांनीच चोरून आणून सोडला, असं गेनजिरो अध्यक्ष दर सभेत टेबलावर हात आपटून सांगतात. "मासा शुद्ध तर गाव शुद्ध," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि त्यापुढचं, "पोरगी समुद्रापार देईन, पण खिंडीपार देणार नाही."

ती पोरगी म्हणजे सुझुना. ती पुढच्या रविवारीही गेली. नजर ठेवायला, दुसरं काय! त्याच्याही पुढच्या रविवारी गेली तेव्हा डब्यात भाताचे गोळे दोघांपुरते होते. तिने जाळं धरायचं, त्याने शेपटी कापायची, असं चाललं होतं.

"एवढंसं टोक कापून काय कळतं हो?"

"सगळं कळतं. आई कुठली, आजोबा कुठले. जनुकं काही लपवत नाहीत. ठिपका एकही नसतो, पण आतून अर्धा आमागो निघतो."

"म्हणजे वरवर साधा आणि आतून लबाड."

"माशाबद्दल बोलताय ना?"

"तुम्हाला काय वाटलं?"

त्याने बाटलीचं झाकण लावलं. मग नदीकडे बघत हळूच म्हणाला, "तुमच्या गालावर एक ठिपका आहे."

"तीळ आहे तो."

"तपासावा लागेल..."

"कात्री जवळ आणलीत तर ढकलीनच पाण्यात." पण ती काही बाजूला सरकली नाही. त्या दिवशी घरी जाताना तिने वाटेतल्या दोघा अनोळखी गळवाल्यांना तिकिटं न विचारताच सोडलं, यावरून काय ते समजा.

जूनच्या मध्यावर निकाल आले. संघाच्या सभेच्या आदल्या दिवशी दुपारी कानामेने नदीचा नकाशा दगडावर पसरला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"संगमापाशी निम्मे निम्मे, ते बरोबर आहे. वर येऊ तसा आमागोचा अंश कमी होत जातो, तेही बरोबर. पण इथे बघ." त्याने बोट ठेवलं. "इथे तो एकदम वाढतो. संगमापेक्षाही जास्त."

बोट होतं ते सुझुनाच्या घराच्या परसामागे.

सुझुनाने नकाशा स्वतःकडे ओढला. "हे उद्या सभेत सांगणार?"

"सांगावं लागेल."

"अरे, बाबा म्हणतील पलीकडच्यांनी माझ्या परसात येऊन मासे सोडले! थेट कोर्टात जातील. आणि तू पलीकडचा. मग आपलं काय?"

'आपलं' हा शब्द आज पहिल्यांदाच तोंडातून निघाला होता. दोघांनाही तो ऐकू आला, आणि दोघांनीही नजर नकाशावर वळवली.

"एवढी एक जागा गाळ ना," ती म्हणाली. "कोण बघतंय?"

"नाही गाळता येणार, सुझुना."

"माझ्यासाठीसुद्धा नाही?"

"...तुझ्यासाठी दुसरं काहीही सांग."

ती ताडकन उठली आणि मागे न बघता घरी आली. ताटं-वाट्या आपटून झाल्या. मग परसात बसून तिने त्याला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि त्यातच तिच्या लक्षात आलं, की हा माणूस आज तिच्यासाठी खोटं बोलला असता तर उद्या तिच्याशीही बोलला असता. हे सुचल्यामुळे तिला रडूच आलं. एवढा सरळ माणूस मिळाला, आणि उद्या तो जायचा.

संध्याकाळी जेवायची तयारी चालली होती, तोच कानामे दारात हजर. अंगात कोट, आणि बूट उलटसुलट.

"अध्यक्षसाहेब, दोन गोष्टी सांगायच्यात," त्याने कमरेत वाकून सांगितलं. "सभेआधी तुमच्या कानावर घालाव्यात म्हणून आलो. तुमच्या परसामागे आमागो सर्वांत जास्त आहेत, आणि मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय."

गेनजिरोंच्या हातातला वाडगा हातातच राहिला. पहिल्या गोष्टीवर भडकावं की दुसरीवर, हे ठरवण्यात त्यांचं अर्धं मिनिट गेलं. मग बायकोकडे वळून ते दोन्हींवर एकदमच भडकले.

"बघितलंस, तोमिए? माझ्या दारात येऊन मासे टाकले! आणि आता पोरगी न्यायला आलेत! उद्याच वकील गाठतो."

"हे हल्लीचं नाही, साहेब," कानामे घाबरत पण नेटाने म्हणाला. "सरमिसळ जुनी आहे. तुम्ही तरुण असतानाची. आणि कुणी एकदाच टाकलेलं नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा आणलंय कुणीतरी."

"पुन्हा पुन्हा?" गेनजिरोंचा आवाज एकाएकी खाली आला.

चुलीपाशी मासे भाजणारी आई हसायला लागली. सुझुनाने आईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. एप्रन तोंडाला लावून ती गदगदत होती.

"अहो, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"तोमिए, गप्प बस."

"इतकी वर्षं गप्पच बसलेय की." आई चटईवर येऊन बसली. "सुझुना, मी समुद्रकाठची, हे तुला माहीत आहे. लग्नाआधी निशिदानीच्या मत्स्यबीज केंद्रात कामाला होते, हे नाही सांगितलं कधी. हिवाळ्यात एक माणूस खिंड ओलांडून यायचा, बर्फातून, हातात डबा घेऊन. म्हणायचा, माशाची अंडी द्या. मी म्हणायची, यामामेची नाहीत हो आमच्याकडे, आमागोचीच आहेत. तर म्हणायचा, असतील ती द्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा डबा. विचारायचं होतं भलतंच, तोंडातून निघायची अंडी!"

सुझुना वडिलांकडे बघतच राहिली. अध्यक्ष चटईची काडी उपसत होते.

"आणि त्या अंड्यांचं काय केलंत, बाबा?"

"काय करणार," ते पुटपुटले. "जीव होता त्यांच्यात. फेकवेनात. परसामागे नदीतल्या वाळूत पुरली."

चुलीवर मासा करपायला लागला होता. गेनजिरोंनी मान वर केली आणि कानामेला नीट न्याहाळलं.

"तुला नमुने लागतात तरी किती रे?"

कानामे अडखळला. "एप्रिलमध्येच... पुरे झाले होते, साहेब."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मी नुसताच यायचो."

"म्हणजे?" सुझुनाचा आवाज चढला. "मे महिनाभर मला थंड पाण्यात जाळं धरून उभं केलंस, ते उगाच?"

"उगाच कसं..." तो म्हणाला.

गेनजिरो मात्र त्याच्याकडे असे बघत होते, की जणू बर्फातून चालून आलेलं कुणी ओळखीचं भेटलंय. त्यांनी घसा साफ केला. "तोमिए, याला वाढ. उद्या सभेत आधी मी बोलेन. मग हा आपला नकाशा लावील." मग ते मुलीकडे वळले. आवाज मुद्दाम करडा काढला होता, पण तो नीट निघत नव्हता. "तुझं काय म्हणणं आहे? देऊ का खिंडीपार?"

सुझुनाचे गाल तापले होते, डोळे भरले होते, आणि कानामेला पाण्यात ढकलून द्यावं असं तिला मनापासून वाटत होतं.

"मला हाच हवाय, बाबा," ती म्हणाली. "आत्ता भयंकर राग आलाय याचा. पण हाच हवाय."