अओरिता म्हणजे नंतर

खोटं सांगून मला काही मिळत नाही. क्युबातल्या सिएनफुएगोस गावी, आमच्या शेजारच्या घरात, गेल्या आठवड्यात भरदुपारी हे घडलं.

भरदुपारी, कारण वीज तेव्हा होती. आमच्याकडे भुतांनाही विजेची वेळ सांभाळावी लागते.

शेजारच्या एउदोसियाबाईंचा नवरा एलिएसेर वारला, तेव्हापासून त्याचा जुना कॉम्प्युटर लावला की पडद्यावर आपोआप अक्षरं उमटायची…

"कधी येतेस?"

पहिल्यांदा बाई घाबरल्या. मग चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईने द्यावं तसं उत्तर दिलं. अओरिता. म्हणजे नंतर, बघू, हातातलं काम होऊ दे. आमच्याकडे अओरिता म्हटलेलं काम सहसा होतच नाही. त्यात कॉम्प्युटर इतका संथ, की उत्तर पोचायच्या आत वीज जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. अशी वर्षं निघाली.

बाईंचा मुलगा ओस्मेल त्या संथपणाला वैतागला. मेक्सिकोतल्या मावसभावाने स्वतःच्या कॉम्प्युटरमधली वेगवान डिस्क काढून पाठवली. ओस्मेलने ती बसवली, जुन्यातलं सगळं तिच्यावर चढवलं.

आधी कॉम्प्युटर सुरू होईतो कॉफी उकळून, पिऊन, कप विसळून व्हायचे. आता बटणावरचं बोट उचलायच्या आत पडदा उजळला.

"कधी येतेस?"

"मेल्यावर घाई सुटली बघ तुझ्या बापाला," बाई म्हणाल्या. "स्वतःच्या लग्नाला उशिरा आला होता." आणि सवयीने लिहिलं, अओरिता.

पलीकडून उत्तर कधी यायचं नाही. या वेळी आलं…

"बरं."

बाई कॉफी ठेवायला आत गेल्या. ओस्मेल हसत होता. मग त्याला मावसभावाचं बोलणं आठवलं.

मेक्सिकोत अओरिता म्हणजे नंतर नव्हे.

आत्ता. या क्षणी.

"आई, ते खोड. दुसरं काहीतरी लिही."

आतून कपांचा आवाज येत होता…

थांबला.

कॉफी उतू जाऊन शेगडीवर सांडत होती. बाई फरशीवर होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. डिस्कबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही.

मूठमाती देऊन आल्यावर ओस्मेलने नवी डिस्क उपटली, जुनी लावली. मी शेजारीच उभा होतो. पुन्हा तोच संथपणा. बऱ्याच वेळाने पडदा उजळला…

"कधी येतोस?"

येतेस नव्हे. येतोस.

खाली आणखी एक ओळ. "कॉफी निवतेय, बाळा."

ओस्मेलने भराभरा टाइप केलं, येणार नाही. आणि त्याने टाइप केलेली अक्षरं पडद्यावर उमटायची आम्ही वाट बघत बसलो. एक उमटलं. मग दुसरं…

"येणार"

एवढ्यावर वीज गेली.

अजून आलेली नाही. अख्ख्या गल्लीत ती येऊ नये असं वाटणारे आम्ही दोघेच आहोत.