मोकळी

बसा निवांत. एवढ्या उन्हातान्हात आलात, तर जंगल कसं संपलं ते माझ्याच तोंडून ऐका. आधी रस्ता आला, मग फळ्यांचा कारखाना, मग गुरांची कुरणं. पण शेवटची तीन वर्षं करवत माझ्या हातात होती, आणि मी काही पोटासाठी कापत नव्हतो.

जंगल असं दाट, की भरदुपारी दहा पावलांवरचा माणूस दिसायचा नाही. म्हणून आमची एक रीत होती. शेवटचा काप घ्यायच्या आधी कापणाऱ्याने ओरडायचं, "सुटतंय!" टोळीतल्या प्रत्येकाने आपापल्या जागेवरून म्हणायचं, "मोकळा!" म्हणजे मी झाडाच्या वाटेत नाही, खुशाल पाड.

त्या दिवशी दादाचाही आवाज आला. सख्खा मोठा भाऊ तो, त्याचा आवाज मी ओळखणार नाही होय? मी कापलं. दादा त्याच झाडाखाली सापडला.

महिनाभर मी करवतीला शिवलो नाही. मग मुकादमाने ओढून नेलं. पहिल्याच झाडाला ओरडलो, तर जंगलाच्या आतून, कुजक्या पाचोळ्याच्या वासातून, दादा म्हणाला, "मोकळा!"

घाबरलो? छे हो. ढसाढसा रडलो. नुसती हाक मारून पाहिली, तर काही नाही. झाड अगदी पडायच्या बेताला आलं, की मगच तो बोलायचा. तेव्हापासून मी एक सुट्टी घेतली नाही. मुकादम चेष्टा करायचा, "याचं झाडांशी काय वैर आहे कुणास ठाऊक!" वैर कसलं... मला माझा भाऊ हवा होता. झरे आटले, पाखरं गेली, पाऊस आला की डोंगराची माती नदीत उतरायला लागली. दिसत होतं मला सगळं. तरी कापत राहिलो.

एकच झाड उरलं, तेव्हा वहिनींना सांगून टाकलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तीन वर्षं एकटेच ऐकत बसलात, भाऊजी? मला एकदा तरी न्यायचंत..."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. चहूकडे नुसते बुडखे, मधे ते झाड. लपायला कुणालाच जागा नव्हती. वहिनींना मी माझ्या मागे, सुरक्षित बाजूला उभं केलं. शेवटचा काप तेवढा ठेवून करवतीचं इंजिन बंद केलं. खोड कुरकुरायला लागलं.

"सुटतंय!"

वारा पडला. मग समोरच्या रखरखीत उन्हातून आलं... "मोकळा."

वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. "हेच," त्या पुटपुटल्या, "अगदी हेच हो..." डोळ्यांना नुसती धार लागली होती.

आणि त्याच जागेवरून, लगोलग, दुसरा आवाज आला. "मोकळी."

आमच्या टोळीत बाई कधीच नव्हती. मी वळून पाहिलं. वहिनी माझ्या मागेच उभ्या होत्या, तोंड मिटून. पण आवाज त्यांचाच होता.

"वहिनी, चला... चला इथून."

त्या हसत होत्या. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तो काप मी घेतला नाही. झाड अजून उभं आहे, चार बोटं लाकडावर. मी तिकडे फिरकत नाही. पण वहिनी रोज सकाळी चहाचा कप पुढे करतात आणि हळूच विचारतात, "भाऊजी, कधी?"

आणि खरं सांगू... नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही.