पितृपंधरवड्यातली कपाशी

आमच्या कपाशीत एक पँटवाला तरुण वाकून कळ्या सोलत होता! मी विळा उगारला, तसा तो दचकून उठला... आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"चोर नाही हो! शेतीखात्यातला रंगनाथ. तुमच्या वडिलांनी हे वावर दिलंय, हायब्रीड बियाणं तयार करायला."

"कळ्या सोलून?"

"हो... आधी विळा खाली घेता का?"

पहिल्या दिवशी त्यानं गावातल्या बायांना पुंकेसर, परागकण असलं काय काय सांगितलं. बायांनी नुसत्या जांभया दिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र गडी खुलला. ह्या वाणाचं फूल नवरी, त्या वाणाचं नवरदेव. संध्याकाळी नवरीच्या कळीतलं केसर काढून तिला लाल कागदाची टोपी घालायची, सकाळी नवरदेवाचा पराग लावायचा — लागलं लग्न! लंकामावशी पोट धरून हसल्या. मी मान खाली घातली, कारण 'नवरी' म्हणताना साहेब दर वेळी माझ्याकडेच बघत होते.

भाद्रपदी पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही वावरभर कळ्या सोलल्या. सकाळी जाऊन बघते तर — एकही बाई नाही! बांधावर रंगनाथ एकटाच, पांढराफटक पडलेला.

"दुपारपर्यंत पराग लागला नाही तर सगळी फुलं वाया जातील. आणि हा प्लॉट फसला, तर माझी बदली धुळ्याला."

धुळ्याला! मी तशीच पळत लंकामावशीचं दार गाठलं. त्या निवांत भाजी निवडत बसल्या होत्या.

"मावशी, वावरात का न्हाई आला?"

"अगं चांगुणा, आजपास्नं पितरं लागली. ह्या पंधरवड्यात कुनी लगीन लावतं व्हय?"

मी थक्क! हसावं की रडावं तेच कळेना. साहेबांनी इतकं झकास समजावलं होतं, की बायांना ते खरंच पटलं होतं.

"लगीन न्हाई ओ मावशी! दुधाला इरजन लावता ना? पितरात दही लावायचं सोडता का? तसंच हाय हे. जरासा पराग लावायचा, बास."

मावशींचे हात थांबले. "इरजन व्हय? मंग आदी तसं सांगायचं की त्या पोरानं!" आणि त्यांनी दारातूनच साऱ्या आळीला हाक घातली.

दुपारच्या आत शेवटचं फूल झालं. रंगनाथ घाम पुसत जवळ आला. "विरजण! मला कसं सुचलं नाही?"

"तुमच्या डोक्यात लगीनच बसलंय, त्याला कोन काय करनार?"

"बसलंय खरं," तो हळूच म्हणाला. "पण फुलांचं नाही... तुझं-माझं, चांगुणा."

हा माणूस असं सरळ बोलेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि मला ते इतकं आवडेल असंही!

"दसऱ्याला आई-वडिलांना घेऊन येतो," तो म्हणाला. "तुझ्या आबांना मी सगळं नीट समजावून—"

"नगं!" मी एवढ्यांदा ओरडले की साऱ्या बाया वळून बघायला लागल्या. "तुमी काई समजावू नका. आबांशी मीच बोलते!"